ग्रुपच्या रिप्रेझेंटेशनसाठी फुकटचं सॉफ्टवेअर: गॅप, सेज की आणखी काही?

अंबाझरीकर
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. गणिताला शिकवतो. यंदा शेवटच्या सेमिस्टरच्या काही मुलांनी प्रोजेक्टला फायनाइट ग्रुपची रिप्रेझेंटेशन थिअरी घेतली आहे, म्हणजे ग्रुपचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात मांडून अभ्यासणं. आजवर हा विषय आम्ही फळ्यावरच उरकत आलो. एस-थ्रीचं (तीन वस्तूंच्या अदलाबदलींच्या ग्रुपचं) कॅरॅक्टर टेबल, म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या ट्रेसचा तक्ता, मग एस-फोरचं, वर्गात फारच उत्साह असला तर ए-फाइव्हचं. त्यापुढे खडूही संपतो आणि तासही.

मुलांना आता संगणकावर पुढचे ग्रुप बघायचे आहेत. मॅग्मा या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेण्याइतके पैसे विभागाकडे नाहीत, आणि मागायला गेलो तर आधी विभागातला कूलर दुरुस्त करा म्हणतील. लॅबमधली यंत्रं जुनी आहेत, नेट कधी असतं कधी नसतं. मुलांनी कोड म्हणून बी.एस्सी.त शिकवलं तेवढंच सी लिहिलंय. गॅपचं नाव ऐकून आहे, सेजही कोणी सुचवलं. काय घ्यावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्याने एस-फोरचं टेबल स्वतःच्या वहीत केलेलं नाही, त्याला हे सॉफ्टवेअर दाखवूच नये. घरी याला ‘आमच्या वेळी’ छाप मत म्हणतात. तुम्ही काय म्हणता तेही लिहा.

तर्रीबाज
गॅप टाकायचं असेल तर कॉलेजला गॅप सर्टिफिकेट द्यावं लागते का सर? शंभराच्या स्टँपवर की पाचशेच्या?

धरमपेठी_पेंग्विन
सर, गॅपच घ्या, जास्त डोकं लावू नका.

हे 1986 मध्ये जर्मनीतल्या आखेनला योआखिम नॉयब्युझर यांच्या गटात सुरू झालं. ते निवृत्त झाल्यावर 1997 मध्ये कारभार स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजकडे गेला, आणि आता तर बऱ्याच विद्यापीठांतली माणसं मिळून चालवून राहिली. जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे पैसा शून्य आणि आतला कोडही उघडा. कोणतं फंक्शन नेमकं काय करते हे फाइल उघडून वाचता येते. मॅग्मात ती सोय नाही.

उबुंटूवर एका कमांडमध्ये बसते. विंडोजसाठी इन्स्टॉलर आहे, तो पॅकेजेससकट येतो. एकदा घरून पेन ड्राइव्हवर आणा आणि सगळ्या यंत्रांवर टाका, पुढे नेट नसलं तरी अडत नाही. रंगीबेरंगी काही नाही. काळी खिडकी, प्रॉम्प्ट, टाइप करा, एंटर मारा. तुम्ही म्हणता त्या आकाराच्या ग्रुपला तुमच्या जुन्या डब्यांना घामही येणार नाही. मे महिन्यात तुम्हाला येईल.

केमिस्ट्रीवाली
गणितवाल्यांची गंमत वाटते. आमच्याकडे कॅरॅक्टर टेबल पुस्तकाच्या मागे छापलेलंच असतं, परीक्षेत प्रश्नपत्रिकेबरोबरही देतात. आमचं काम त्यापुढे सुरू होतं. मिथेन घ्या. पाच अणू, म्हणजे नऊ कंपनं, टी-डी, म्हणजे चतुष्फलकाच्या, सिमेट्रीत त्यांची फोड ए-वन, ई आणि दोन टी-टू अशी होते. इन्फ्रारेडमध्ये फक्त टी-टूच्या दोन रेषा दिसतात, रामनमध्ये चारही. कागदावर दहा मिनिटांचं काम. याला सॉफ्टवेअर कशाला लागतं?

सदरचा_पोट्टा
केमिस्ट्रीवाली काकू, तुमचं टी-डी आणि सरांचं एस-फोर हा एकच ग्रुप आहे. मिथेनचे चार हायड्रोजन घ्या, प्रत्येक सिमेट्री त्यांची अदलाबदल करते आणि चोवीसच्या चोवीस अदलाबदली मिळतात. तुमचे ए-वन, ए-टू, ई, टी-वन, टी-टू म्हणजे 1, 1, 2, 3, 3 मितींची रिप्रेझेंटेशन्स. वर्गांची बेरीज करा: 1, 1, 4, 9, 9, झाले 24. तुमच्या पुस्तकामागचा तक्ता आणि सरांच्या फळ्यावरचा तक्ता, दोन्हीत आकडे तेच.

मी सध्या बाहेर पीएच.डी. करतोय आणि गॅप रोजच लागतं. सर, मुलांच्या हातात देण्याआधी काही खोड्या सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी लॅबमध्ये भांडणं होतील. (कमांड बोलतो तशा लिहितोय, स्पेलिंग मॅन्युअलमधून घ्या.)

पहिली खोडी गुणाकाराची. आपल्याकडे बहुतेक पुस्तकांत पर्म्युटेशनचा गुणाकार उजवीकडून डावीकडे करतात. गॅप डावीकडून उजवीकडे करतं. (1,2) गुणिले (2,3) टाका, गॅप (1,3,2) देईल आणि मुलाच्या वहीत (1,2,3) असेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर. हे आधी सांगितलं नाही तर मुलं वहीतलं खोडून मशीनचं उतरवतात. मग परीक्षेत मार्क जातात ते वेगळेच.

दुसरी: डायहेड्रल ग्रुप 8 असं मागितलं की गॅप आठ घटकांचा ग्रुप देतं, म्हणजे चौरसाचा. अष्टकोनाचा हवा असेल तर 16 मागावा लागतो. आपल्या पुस्तकात डी-फोर लिहिलंय म्हणून कोणी 4 टाकलं तर चार घटकांचा ग्रुप येईल, आणि पोट्टा तासभर विचार करत बसेल की हा ॲबेलियन कसा काय निघाला.

तिसरी खुद्द तक्त्याची. एस-फोरचा तक्ता डिस्प्ले केला की वरच्या दोन ओळींत 2 आणि 3 दिसतात आणि पुढे काही आकडे. त्या कॅरॅक्टरच्या ओळी नव्हेत. प्रत्येक कॉन्जुगसी क्लासच्या (एकाच जातीच्या घटकांच्या गटाच्या) सेंट्रलायझरच्या ऑर्डरमध्ये, म्हणजे त्या घटकाशी गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालणाऱ्या घटकांच्या संख्येत, 2 चा कितवा घात आणि 3 चा कितवा, ते तिथे लिहिलेलं असतं. ट्रान्सपोझिशनच्या रकान्यात 2 च्या ओळीला 2 आणि 3 च्या ओळीला टिंब, म्हणजे सेंट्रलायझर 4 चा, 24 भागिले 4, सहा ट्रान्सपोझिशन. हिशेब जुळला. मग 1ए, 2ए, 2बी, 3ए, 4ए ही क्लासची नावं, त्यातला आकडा घटकाची ऑर्डर सांगतो. त्याखालच्या 2पी, 3पी ओळींत वर्ग आणि घन केल्यावर कोणत्या क्लासमध्ये जातो ते. खरा तक्ता त्यानंतर सुरू होतो. तक्त्यातलं टिंब म्हणजे शून्य, छापायचं राहून गेलेलं नाही. पहिली ओळ ट्रिव्हियल कॅरॅक्टरचीच असेल असंही धरून चालू नका.

ए-फोर केला तर आकड्यांऐवजी ए आणि तिरकी रेघ देऊन ए असं दिसेल. ए काय ते तक्त्याखाली लिहिलेलं असतं, इथे एकाचं घनमूळ. तिरक्या रेघेचा ए म्हणजे त्याचा कॉन्जुगेट.

जुनाट_मास्तर
निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, म्हणून विचारतो. हे सगळं ठीक. पण यंत्राने तक्ता दिला आणि तुम्ही मान डोलावली, यात गणित कुठे आलं? आम्ही आधी ट्रिव्हियल लिहायचो, मग साइन, मग पर्म्युटेशन कॅरॅक्टरमधून एक वजा करून तीन मितींचं मिळवायचं, त्याला साइनने गुणायचं आणि उरलेलं ऑर्थोगोनॅलिटीने काढायचं. प्रत्येक पायरीला काही कळायचं. यंत्र यातली कोणती पायरी करतं? की कोणी आधी करून ठेवलेलं काढून देतं? अंबाझरीकर, तुमच्या मताला माझा पाठिंबा.

धरमपेठी_पेंग्विन
मास्तर, दोन्ही करते. तुम्ही ग्रुप बनवून दिला तर तक्ता हिशेब करून काढते. ‘एम11’ असं एखाद्या प्रसिद्ध ग्रुपचं नुसतं नाव सांगितलं तर लायब्ररीतून उचलून देते.

हिशेबनीस
मास्तरांचा प्रश्न योग्य आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

गॅप तुमच्या पायऱ्या करत नाही. त्याची मूळ कल्पना बर्नसाइडची आहे. दोन कॉन्जुगसी क्लास घ्यायचे, त्यांच्या घटकांचे गुणाकार तिसऱ्या क्लासमध्ये किती वेळा पडतात ते मोजायचं. या मोजणीतून प्रत्येक क्लासला एक मॅट्रिक्स मिळते. या सगळ्या मॅट्रिक्सचे सामाईक आयगेनव्हेक्टर काढले की त्यांतच कॅरॅक्टर दडलेले असतात. अडचण एवढीच की उत्तरात एकाची मुळं येतात, आणि दशांशात हिशेब केला तर शेवटी 0.4999 हे अर्धं समजायचं का, हा प्रश्न उरतो.

1967 मध्ये जॉन डिक्सन यांनी यावर तोड काढली. हिशेब कॉम्प्लेक्स संख्यांत करायचाच नाही, एका मूळसंख्येच्या मॉड्युलोत, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाकीत, करायचा. मूळसंख्या अशी घ्यायची की तिच्यातून एक वजा केला तर ग्रुपच्या एक्स्पोनंटने (ज्या घाताला प्रत्येक घटक एकक होतो त्या सर्वांत लहान आकड्याने) भाग जाईल, आणि ती ग्रुपच्या ऑर्डरच्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा मोठी असेल. एस-फोरला एक्स्पोनंट 12, 24 च्या वर्गमुळाची दुप्पट 9.8 च्या आसपास, म्हणजे 13 चालते. 13 च्या मॉड्युलोत एकाची बारावी मुळं सगळी पूर्णांकातच सापडतात. आयगेनव्हेक्टर तिथे काढायचे आणि शेवटी उत्तर परत कॉम्प्लेक्समध्ये उचलायचं. कुठेही अदमास नाही, उत्तर काटेकोर. 1990 मध्ये श्नायडर यांनी सुधारणा केली की सगळ्या मॅट्रिक्स पूर्ण मोजायची गरज नाही. गॅपमध्ये आज हीच डिक्सन-श्नायडर रीत आहे.

मास्तर, एस-फोरसाठी 13 च्या मॉड्युलोतला हा हिशेब हाताने होतो. पाच बाय पाचची मॅट्रिक्स. मी एका रविवारी दुपारी, बाहेर रस्ता वितळत होता तेव्हा, करून पाहिला. तुमच्या रीतीत चतुराई लागते, दर ग्रुपला वेगळी. या रीतीत चतुराई लागत नाही, चिकाटी लागते, म्हणून ती यंत्राला जमते. मुलांना दोन्ही दाखवा. मला यात गणित कमी झालेलं दिसत नाही, दुसरीकडचं गणित दिसतं.

जुनाट_मास्तर
13 चा हिशेब करून बघतो. पटलं असं अजून म्हणत नाही.

तर्रीबाज
मास्तर, सोबत एक प्लेट तर्री पोहे घ्या. मॉड्युलो 13 लवकर सुटते.

केमिस्ट्रीवाली
तर्री कोणाकडची, हे आधी ठरवा. मागच्या धाग्यात त्यावरून चाळीस प्रतिसाद झाले होते आणि मूळ प्रश्न तसाच राहिला होता.

गोकुळपेठ_गॅलरी
कॅरॅक्टर टेबल म्हणजे ग्रुपचं आधार कार्ड ना? दोन ग्रुपचं टेबल सारखं आलं म्हणजे ग्रुप एकच?

सदरचा_पोट्टा
नाही ना भाऊ! इथेच तर मजा आहे. चौरसाचा डायहेड्रल आणि क्वाटर्नियन, दोन्ही आठ घटकांचे. गॅपच्या स्मॉल ग्रुप लायब्ररीत त्यांचे नंबर (8,3) आणि (8,4). दोघांचे कॅरॅक्टर अगदी सारखे, 1, 1, 1, 1, 2 मितींचे, आणि आकडेही तेच. पण एकात ऑर्डर 2 चे घटक पाच आहेत, दुसऱ्यात एकच.

गॅपचा डिस्प्ले क्लासच्या नावात ऑर्डर लिहितो, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसतो. तो झाकला तर दिसत नाही. ‘इंडिकेटर’ कमांडला टेबल आणि 2 द्या. डायहेड्रलला सगळीकडे 1 येईल, क्वाटर्नियनला शेवटच्या दोन मितींच्या कॅरॅक्टरला उणे 1. म्हणजे ते रिप्रेझेंटेशन रिअल मॅट्रिक्समध्ये बसत नाही, कॉम्प्लेक्स लागतातच, कॅरॅक्टर सगळे पूर्णांक असूनसुद्धा.

हिशेबनीस
आणि ऑर्डर, पॉवर मॅप (घात केल्यावर कोणत्या क्लासमध्ये जातो ते) सगळं धरलं तरीही आधार कार्ड पक्कं होत नाही. ब्राउअर यांनी हाच प्रश्न विचारला होता: पॉवर मॅपसकट तक्ता सारखा असेल तर ग्रुप एकच का? 1964 मध्ये डेड यांनी उदाहरण देऊन नाही असं सांगितलं. सगळ्यात लहान जोड्या 256 ऑर्डरला मिळतात, त्या पुढे संगणकाने शोधल्या. 256 ऑर्डरचे ग्रुप आहेत 56,092. ते हाताने तपासायला मास्तरही बसणार नाहीत.

अंबाझरीकर, प्रोजेक्टला हाच विषय द्या. 16 ऑर्डरचे 14 ग्रुप, 32 चे 51. त्यांतले कोणते तक्ता वाटून घेतात ते शोधा. दोन तक्ते ओळी आणि रकाने हलवून एकसारखे होतात का, हे तपासणारं फंक्शन गॅपमध्ये तयार आहे. मुलांना सात-आठ ओळींचा लूप लिहावा लागेल, सी येत असेल तर ते काही अवघड नाही. 64 ला 267 होतात, तिथे कंटाळा यायला लागेल, पण यंत्राला येणार नाही.

धरमपेठी_पेंग्विन
त्या लायब्ररीत 2000 ऑर्डरपर्यंतचे सगळे ग्रुप आहेत, फक्त 1024 वगळून. 1024 चे नुसते मोजले आहेत, 4,900 कोटींच्या वर. बरीच वर्षं एक आकडा सगळीकडे छापला जात होता, मग 2021 च्या सुमारास डेव्हिड बरेल यांनी दाखवलं की तो 1,867 ने कमी आहे. खरा आकडा 49,48,73,67,289 असा अरबांत-कोटींत म्हणा.

तर्रीबाज
4,900 कोटींत 1,867 ची तफावत. आमच्या सोसायटीच्या ऑडिटपेक्षा बरं आहे.

फुटाळा_किनारा
सेजचं कोणीच बोलत नाही? पायथन येणाऱ्यांना सेज सोपं. 2005 मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलं, तेही मोफत आणि उघडं. शिवाय सिमेट्रिक ग्रुपची रिप्रेझेंटेशन्स त्यात प्रत्यक्ष मॅट्रिक्समध्ये मिळतात. पार्टिशन सांगा, स्पेक्ट पद्धतीने हवं की यंगच्या ऑर्थोगोनल रूपात ते सांगा, समोर मॅट्रिक्स. हे दाखवायला फार छान. गॅपमध्ये तक्ता चटकन येतो पण मॅट्रिक्स मागितल्या की यंत्र विचारात पडतं.

धरमपेठी_पेंग्विन
सेज ग्रुपचं बरंचसं काम आतून गॅपकडूनच करून घेते ना भाऊ. आणि आकाराने अवाढव्य आहे. सरांच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्हवरून सेज टाकायला बसले तर पोट्टे पास होऊन जातील. पण एक फायदा मान्य: सेजची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत पाटी आहे, सेज सेल. मोबाइलवर उघडते आणि तिथे भाषा गॅप निवडली की गॅपच चालते. मेट्रोत बसून एम11 चा तक्ता काढलाय मी.

मॅट्रिक्स महाग पडतात हे बरोबर. सुपरसॉल्व्हेबल ग्रुप असेल तर बाउम आणि क्लाउझन यांची रीत वापरते, ती लवकर आटोपते. बाकीच्यांना थांबावं लागते.

सदरचा_पोट्टा
एम11 चा तक्ता मुलांकडून तपासून घ्या सर. ऑर्डर 7920. डिग्री 1, 10, 10, 10, 11, 16, 16, 44, 45, 55. वर्गांची बेरीज करायला सांगा, कॅल्क्युलेटर न वापरता. 7920 येते का बघा.

आणि ज्यांना नवीन काही बघायचं आहे त्यांनी ऑस्कर बघा. ज्युलिया भाषेत आहे, त्यात गॅप, सिंग्युलर, पॉलिमेक ही जुनी मंडळी एकत्र आणली आहेत. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मात्र इतका पसारा नको.

गोकुळपेठ_गॅलरी
मॅन्युअलमध्ये मीटॲक्स असा एक अध्याय दिसला. हे सावजीवाल्याकडचं हत्यार गणितात काय करून राहिलं?

हिशेबनीस
तेच करतं जे सावजीवाला करतो, मोठा तुकडा सांध्यावर बरोबर तोडतं. रिचर्ड पार्कर यांनी बनवलं. आतापर्यंत आपण कॉम्प्लेक्सवर बोलत होतो. फायनाइट फील्डवर, म्हणजे फक्त 0 आणि 1 वगैरेंच्या मॅट्रिक्स असल्या की कॅरॅक्टरचा नेहमीचा सिद्धान्त तोकडा पडतो. मग प्रश्न साधा असतो: या मॅट्रिक्सनी हलत नाही अशी एखादी सबस्पेस आत आहे का? असेल तर तिथे कापा, दोन लहान तुकडे, पुन्हा विचारा.

शोधायची रीत गमतीची. जनरेटर मॅट्रिक्स रँडम मिसळायच्या, बेरजा-गुणाकार करून एक मॅट्रिक्स बनवायची, तिची नलस्पेस बघायची, त्यातला एक व्हेक्टर घेऊन सगळ्या जनरेटरने फिरवत राहायचं. जेवढी जागा भरली तेवढी सबस्पेस. पूर्ण जागा भरत राहिली तर इरिड्यूसिबल, म्हणजे आणखी न तुटणारं, असण्याची शक्यता, आणि ती पक्की करायला नॉर्टनची कसोटी. रँडमने शोधायचं पण उत्तर मात्र सिद्ध झालेलं. 1994 मध्ये होल्ट आणि रीस यांनी ही रीत सहसा अडणार नाही अशी सुधारली. मॉन्स्टर ग्रुपवर याच धाटणीचं काम झालं, तिथे 0 आणि 1 च्या फील्डवर मॅट्रिक्स 1,96,882 मितींची असते.

मोरभवन_लोकल
ग्रुप फायनाइट नसेल तर? ली ग्रुप वगैरे. आम्ही फिजिक्सवाले, आम्हाला तेच लागतात.

सदरचा_पोट्टा
त्याला वेगळं आहे, ॲटलस. तेही मोफत आणि उघडं. रिअल रिडक्टिव्ह ग्रुपची इन्फिनाइट डायमेन्शनल रिप्रेझेंटेशन्स त्यात मोजता येतात. हा सगळा विषय ज्यांच्या पायावर उभा आहे ते हरीश-चंद्र, कानपूरला 1923 साली जन्मलेले, केंब्रिजला डिरॅकचे विद्यार्थी, आधी फिजिक्सच करायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये जी मॉड्यूल मोजतात त्यांना आजही हरीश-चंद्र मॉड्यूलच म्हणतात.

ॲटलसचा मूळ कोड फोको दु क्लू यांनी लिहिला. ई-एट या सगळ्यात मोठ्या एक्सेप्शनल ग्रुपचा हिशेब जानेवारी 2007 मध्ये पूर्ण झाला. 4,53,060 ओळी आणि तितकेच रकाने, प्रत्येक घरात एक पॉलिनॉमियल. दु क्लू नोव्हेंबर 2006 मध्ये एएलएसच्या आजाराने गेले, हिशेब पुरा झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. मार्क व्हान लेउवेन यांनी कोड पुढे नेला.

अडचण मेमरीची होती. हातात 64 जीबीचं यंत्र, गरज त्याहून कितीतरी जास्त. नोम एल्कीज यांनी सुचवलं की पूर्ण आकडे ठेवूच नका, मॉड्युलोत काढा. मग 251, 253, 255 आणि 256 च्या मॉड्युलोत वेगवेगळे हिशेब केले आणि शेवटी चायनीज रिमेंडर थिअरमने जोडले. प्रत्येक आकडा एका बाइटमध्ये मावतो. सगळ्यात मोठा कोइफिशंट 1,18,08,808 निघाला.

जुनाट_मास्तर
म्हणजे हाही मॉड्युलोचाच खेळ. बरं, 13 चा हिशेब केला. 3ए क्लासच्या मॅट्रिक्सपाशी तीन आयगेनव्हॅल्यू वेगळ्या मिळाल्या, बाकी वेगळं करायला दुसरी मॅट्रिक्स लागली. उत्तर आलं. मुलांना देण्याजोगं आहे, एवढं म्हणतो. पण आधी वही.

फायनल_इयरचा_पोट्टा
मदत पाहिजे. गॅप टाकलं काल. कमांड टाकून एंटर मारलं की नुसतं मोठ्यापेक्षाचं चिन्ह येऊन राहिलं, पुढे काहीच नाही. हँग होते का? आणि कधी कधी बीआरके असं काहीतरी येते, मग खिडकी बंद करूनच बाहेर निघावं लागते.

धरमपेठी_पेंग्विन
हँग नाही रे, सेमीकोलनची वाट पाहून राहिलं. प्रत्येक कमांडच्या शेवटी सेमीकोलन. दोन दिले तर काम करते पण उत्तर छापत नाही. बीआरके म्हणजे चूक झाली म्हणून ते आतल्या खोलीत थांबलंय. क्विट लिही, सेमीकोलन दे, बाहेर येशील. खिडकी बंद करत गेलास तर दर वेळी केलेलं सगळं जाईल. आणि सुरुवातीलाच लॉग टू ही कमांड देऊन फाइलचं नाव सांग, सगळं लिहून ठेवते.

फायनल_इयरचा_पोट्टा
जमलं! पण आणखी एक. आमच्या मॅडमनी जनरेटर आणि रिलेशन देऊन ग्रुप सांगितला. तसा बनवला, कॅरॅक्टर टेबल मागितलं, तेव्हापासून पंखा जोरात फिरून राहिला, यंत्राचा.

सदरचा_पोट्टा
रिलेशनवाल्या ग्रुपवर थेट टेबल मागू नको. गॅपला दोन शब्द एकच घटक आहेत का हे ठरवायलाच तिथे मेहनत पडते. आधी साइझ विचार, फायनाइट निघतो का बघ. मग आयसोमॉर्फिझम पर्म ग्रुप कमांडने पर्म्युटेशनमध्ये बदल, त्याची इमेज घे आणि टेबल तिच्यावर काढ. पंखा थंड होईल.

अंबाझरीकर
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पहिला आठवडा वही आणि फळा, एस-फोरपर्यंत. शेवटी मास्तरांचा 13 चा हिशेब घेणार. मग गॅप, पेन ड्राइव्हवरून. हिशेबनीसांचा 16 आणि 32 चा विषय दोघांना दिला. एकीने क्वाटर्नियनचा इंडिकेटर धरला आहे आणि ती आताच माझ्यापुढे गेली आहे. वहीआधी सॉफ्टवेअर नको हे माझं मत कायम आहे, पण वहीनंतर किती दिवसांनी, यावर मी आता अडून बसत नाही.

फायनल इयरच्या पोट्ट्या, तुझ्या मॅडम कोण ते ओळखलं. त्या शेजारच्याच केबिनमध्ये बसतात.

फायनल_इयरचा_पोट्टा
सर 🙏 प्रतिसाद काढून टाकता येतो का इथे?

केमिस्ट्रीवाली
येत नाही बाळा. बरं, माझंही एक काम अडलंय. सी-60 (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू) साठी आय-एचचा, म्हणजे त्याच्या सिमेट्रीच्या ग्रुपचा, तक्ता गॅपमधून काढला. ए-फाइव्ह आणि दोनच्या सायक्लिकचं डायरेक्ट प्रॉडक्ट केलं, दहा ओळी आल्या, इथवर ठीक. सी-60 च्या इन्फ्रारेडमध्ये चार रेषा दिसतात त्या टी-वन-यूच्या. पण तक्त्यात टी-वन-यू कोणती ओळ? तीन मितींच्या चार ओळी आहेत आणि नावं एक्सचे नंबर.

सदरचा_पोट्टा
काकू, आधी इन्व्हर्शनचा रकाना शोधा. ऑर्डर 2 चा, एकाच घटकाचा क्लास. तिथे 3 ऐवजी उणे 3 असलेल्या दोन ओळी उरतील, त्या यूच्या. आता टी-वन की टी-टू, हे गॅपला माहीत नाही. त्याच्या दृष्टीने ऑर्डर 5 चे दोन्ही क्लास सारखेच, 72 अंशांचं फिरणं कोणतं आणि 144 चं कोणतं ते त्याला कुठून कळणार? ते तुम्ही ठरवायचं. 5ए ला 72 अंश म्हणा. 72 अंशांच्या रोटेशनचा ट्रेस एक अधिक दोन कॉस 72, म्हणजे 1.618. ज्या ओळीत 5ए खाली ही किंमत आहे ती टी-वन-यू. तक्त्यात आकडा दिसणार नाही, ए किंवा तारा लावून ए दिसेल. त्याचा अर्थ खाली वर्गमूळ पाचमध्ये लिहिलेला असतो, त्यातला अधिक चिन्हाचा घ्या.

केमिस्ट्रीवाली
सापडली. तारावाली निघाली.